अन्ननलिकेचा कॅन्सर भलत्याच ठिकाणी पसरतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान त्यांच्यासाठी ज्यांच्या घरात अन्ननलिकेचा कॅन्सर आधीच कन्फर्म झालाय आणि आता रिपोर्टमध्ये असं काहीतरी आलंय की मांडीच्या स्नायूत गाठ, डोक्याच्या त्वचेत गाठ, जबड्यात डाग, आणि डॉक्टर म्हणालेत की "जरा अनयूज्वल आहे". इथलं वाचून स्वतः निदान करू नका, पण पुढच्या अपॉइंटमेंटला काय विचारायचं ते नक्की कळेल.

नेहमीचं पसरणं कुठे असतं? म्हणजे विचित्र कशाला म्हणायचं?

आजार पुढे गेला की हा कॅन्सर बहुतेक वेळा लांबच्या लिम्फ नोड्समध्ये (लिम्फ नावाचा द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठींसारख्या ग्रंथी), लिव्हरमध्ये, फुफ्फुसात आणि हाडात जातो. ही नेहमीची यादी, आणि त्याच्या मागोमाग अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि मेंदू. याच्या बाहेरचं जे काही आहे ते सगळं अनयूज्वल मध्ये येतं: हातापायाचे स्नायू, त्वचा, हृदय आणि त्याचं आवरण, थायरॉइड, किडनी, स्प्लीन, छोटं आतडं, जबडा, डोळ्याचा आतला पडदा, बेंबी. प्रत्येक जागा वेगळी घेतली तर अगदी दुर्मिळ आहे, पण सगळ्या दुर्मिळ जागा एकत्र धरल्या तर कॅन्सरच्या ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरला असं काहीतरी अधूनमधून दिसतंच, त्यामुळे "आमच्याच नशिबी असं कसं" असं वाटून घेऊ नका.

घास अडकायला लागून दोनच महिने झाले, आणि इतक्यात इतक्या लांब कसं काय पोचलं?

याचं उत्तर अन्ननलिकेच्या भिंतीत आहे. साधारण २५ सेंटीमीटरची ही नळी, आणि पोटातल्या बाकीच्या आतड्याला बाहेरून जे एक गुळगुळीत आवरण असतं ते हिला जवळजवळ नाहीच, फक्त सैलसर टिश्यू असतो. म्हणजे गाठ भिंतीतून बाहेर आली की समोर थेट श्वासनलिका, महाधमनी, हृदयाचं आवरण, मणका. अडवायला मधे काही नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लिम्फच्या बारीक नळ्या इथे अगदी वरच्या थरातच सुरू होतात, मोठ्या आतड्यात त्या खोलवर असतात. त्यामुळे गाठ भिंतीत अजून फार खोल गेलेली नसली तरी पेशी नोड्सपर्यंत पोचू शकतात. आणि या नळ्या आडव्या कमी, उभ्या जास्त, वर मानेपर्यंत आणि खाली पोटापर्यंत, म्हणून छातीच्या मधल्या गाठीचा पहिला नोड शेजारी न सापडता एकदम मानेत किंवा जठराजवळ सापडतो, मधले सगळे नोड्स क्लीन. डॉक्टर याला स्किप मेटास्टेसिस म्हणतात (मेटास्टेसिस म्हणजे मूळ जागेवरून दुसरीकडे पसरलेला कॅन्सर). शिवाय काही लिम्फ नळ्या नोडमध्ये न थांबता सरळ थोरॅसिक डक्ट नावाच्या मोठ्या नळीत उघडतात, ती डाव्या बाजूला मानेच्या बुडाशी रक्तात रिकामी होते, आणि एकदा रक्तात गेलं की मग शरीरातली कुठलीही जागा लांब राहत नाही.

आणि दोन महिने हे लक्षणाचं वय आहे, गाठीचं नाही. नळी ताणली जाते, माणूस नकळत बारीक चावून खायला लागतो, पातळ जास्त घेतो, आणि घास खरंच अडकायला लागतो तोपर्यंत आत बरंच अरुंद झालेलं असतं.

गाठ छातीत, मग डाव्या कॉलरबोनच्या वर सूज का?

वर सांगितलेल्या थोरॅसिक डक्टमुळे. रुडॉल्फ विर्चो यांनी १८४८ साली पोटाच्या कॅन्सरमध्ये या डाव्या नोडबद्दल लिहिलं, आजही त्याला विर्चो नोड म्हणतात. अन्ननलिकेत हा प्रकार तसा विचित्र नाहीच, पण बऱ्याच लोकांना सगळ्यात आधी हाताला लागतं ते हेच, म्हणून इथे घेतलं. दुखत नाही, घट्ट लागते, हलत नाही. सोनोग्राफीखाली सुई टाकून दहा मिनिटात सॅम्पल घेता येतं, त्यामुळे दुसरीकडे कुठे डाग असला तरी डॉक्टर आधी इथूनच बायोप्सी घेतील.

लिव्हर क्लीन, फुफ्फुस क्लीन, आणि डायरेक्ट मणक्यात किंवा मेंदूत? असं होतं का?

होतं. रक्ताचे रस्ते बघितले की कोडं थोडं सुटतं. अन्ननलिकेच्या खालच्या भागाचं रक्त लिव्हरकडे जातं, मधल्या भागाचं अ‍ॅझायगॉस नावाच्या शिरेतून हृदयाकडे आणि तिथून फुफ्फुसात, वरच्या भागाचं मानेतल्या शिरांमधून. म्हणून खालच्या गाठीत लिव्हर जास्त आणि वरच्या-मधल्या गाठीत फुफ्फुस जास्त, हा साधारण हिशोब.

पण अजून एक आडरस्ता आहे. मणक्याभोवती शिरांचं एक जाळं असतं ज्याला व्हॉल्व्ह नसतात, म्हणजे रक्त दोन्ही दिशांना जाऊ शकतं. खोकलं, जोर लावला, की छाती-पोटातला दाब वाढून रक्त उलटं या जाळ्यात ढकललं जातं. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये हे दाखवून दिलं. या वाटेने पेशी फुफ्फुसाला वळसा घालून मणक्यात, कवटीत आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात.

रस्ता आहे म्हणून सगळीकडे रुजतंच असंही नाही. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच, स्तनाच्या कॅन्सरच्या शवविच्छेदनांचे रेकॉर्ड बघून, बी आणि जमीन असा विचार मांडला होता: पेशी सगळीकडे उधळल्या जातात, पण मानवेल तिथेच उगवतात. पुढे जेम्स यूइंग यांनी म्हटलं की नाही, रक्त जिकडे नेईल तिकडे जातं एवढंच. आज दोन्ही खरं मानतात. तुमच्या पेशंटमध्ये नेमकं तिथेच का गेलं याचं पक्कं उत्तर कुठलाच डॉक्टर देऊ शकणार नाही, आणि कोणी अगदी छातीठोकपणे दिलं तर जरा जपून.

स्क्वॅमस आणि अ‍ॅडिनो, दोन्हीचं पसरणं सारखंच का?

नाही. हे अन्ननलिकेच्या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार: स्क्वॅमस आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा, दुसरा ग्रंथीसारख्या पेशींचा. जगभर मिळून स्क्वॅमस खूप जास्त, तो बहुतेक वरच्या आणि मधल्या भागात, तंबाखू आणि दारूशी जोडलेला. अ‍ॅडिनो खालच्या टोकाला, जठराच्या तोंडापाशी, जुनाट अ‍ॅसिडिटी आणि लठ्ठपणाशी जोडलेला. स्क्वॅमस मानेचे नोड्स आणि फुफ्फुस जास्त धरतो, अ‍ॅडिनो लिव्हर आणि पोटाचं आतलं आवरण. बेंबीत गाठ किंवा पोटात पाणी आलं तर अ‍ॅडिनोची शंका जास्त. अन्ननलिकेतला स्मॉल सेल प्रकार फार क्वचित दिसतो, पण तो सुरुवातीपासूनच लांब उडी मारतो, त्यामुळे पॅथॉलॉजी रिपोर्टमधला प्रकाराचा शब्द नीट वाचा, सगळं पुढचं त्यावर आहे.

मांडीत दुखतंय, गाठ लागतेय. स्नायूत कॅन्सर जातो असं कधी ऐकलंच नाही.

बऱ्याच डॉक्टरांनी पण पाहिलेलं नसतं. शरीराचं जवळजवळ निम्मं वजन स्नायूंचं, रक्तपुरवठा भरपूर, तरी तिथे कॅन्सर फार कमी रुजतो. कारणं पूर्ण उलगडलेली नाहीत, पण स्नायू सतत आकुंचन पावतो, त्यातला रक्तप्रवाह आणि दाब कमीजास्त होत राहतो, लॅक्टिक अ‍ॅसिड तयार होतं, अशा जागी पेशीला टिकून बसणं जड जातं असं मानतात.

तरी कधीकधी बसते. मांडी, कुल्हा, पाठीच्या मणक्याशेजारचे स्नायू, खांदा. आणि मग गोंधळ काय होतो, तर पेशंट म्हणतो लचक भरली, कोणीतरी मालिश करतं, कोणीतरी गळू समजून अँटिबायोटिक देतं, एमआरआयवर ते स्नायूच्याच सार्कोमासारखं (तिथेच सुरू झालेला वेगळा कॅन्सर) किंवा पू झाल्यासारखं दिसू शकतं कारण मधला भाग मेलेला आणि कडेनी चमकणारी रिंग. एवढंच लक्षात ठेवा की ज्याला आधीच कॅन्सर आहे त्याच्या स्नायूतली दुखणारी घट्ट गाठ दोनतीन आठवड्यात कमी होत नसेल, रात्री जास्त दुखत असेल, तर मालिश बंद आणि ऑन्कॉलॉजिस्टला दाखवा. सुईची बायोप्सी केल्याशिवाय हे सार्कोमा की मेटास्टेसिस ते स्कॅनवर ठरत नाही, आणि दोन्हीची ट्रीटमेंट पूर्ण वेगळी आहे.

त्वचेवर गाठ आली तर कशी दिसते?

फार काही भयानक दिसत नाही, तीच अडचण. त्वचेखाली वाटाण्याएवढी घट्ट गोळी, कधी त्वचेच्या रंगाची, कधी लालसर-जांभळी, बहुतेक वेळा न दुखणारी. डोक्याची त्वचा, चेहरा, छाती, पोट. लोकांना चरबीची गाठ किंवा केसतोड वाटतं. चरबीची गाठ मऊ असते आणि वर्षानुवर्षं तेवढीच राहते, ही आठवड्यांमध्ये वाढते.

बेंबीतल्या गाठीची गोष्ट वेगळी, कारण तिला नाव आहे: सिस्टर मेरी जोसेफ नोड्यूल. डॉ. विल्यम मेयो यांच्याबरोबर ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणाऱ्या या नर्सच्या लक्षात आलं होतं की पोटाची तयारी करताना ज्यांच्या बेंबीत घट्ट गाठ लागते त्यांच्या पोटात आत कॅन्सर पसरलेला निघतो. पुढे १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली यांनी ते नाव रूढ केलं. निरीक्षण नर्सचं होतं आणि नावही तिचंच लागलं, वैद्यकात हे फार वेळा होत नाही.

डोकं दुखतंय, पण पीईटी स्कॅन तर नॉर्मल होता?

पीईटी मेंदूसाठी कामाचा नाही. त्यात टोचतात ते साखरेसारखं औषध आहे, आणि मेंदू स्वतःच साखर खाणारा अवयव, त्यामुळे अख्खा मेंदू चमकतो आणि त्यात छोटी गाठ लपून जाते. शंका असेल तर कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय.

अन्ननलिकेतून मेंदूत जाणं कमीच, शंभरात एक ते पाचच्या आसपास. प्रत्येकाचा मेंदू स्कॅन करत नाहीत ते त्यामुळेच. पण नवीन डोकेदुखी जी सकाळी जास्त आणि उलटीबरोबर, एका बाजूचा हात ढिला, बोलताना शब्द न सापडणं, स्वभाव एकदम बदलणं, फिट येणं, यापैकी काहीही झालं तर सांगा, "केमोचा अशक्तपणा असेल" म्हणून घरच्या घरी निकाल लावू नका. हर टू (गाठीच्या पेशींवर सापडणारं एक प्रोटीन) पॉझिटिव्ह अ‍ॅडिनोमध्ये मेंदूत जाण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. एकदोन छोट्या गाठी असतील तर फोकस्ड रेडिएशन किंवा ऑपरेशन होतं, आणि सूज उतरवायला स्टेरॉइड दिलं की पेशंट एकदोन दिवसात बराच माणसात येतो.

हनुवटी बधिर झालीय. हा काय प्रकार?

हा प्रश्न कोणी विचारला तर मी तरी त्याला सगळ्यात आधी डॉक्टरांना फोन करायला सांगेन. खालच्या ओठाची आणि हनुवटीची एका बाजूची त्वचा बधिर होणं, दाढेचं इंजेक्शन दिल्यावर होते तशी, हे लक्षण फार साधं वाटतं. पण दाताचं काहीच न करता ते आलं आणि घरात कॅन्सरचा पेशंट आहे, तर जबड्याच्या हाडातल्या नसेवर काहीतरी दाब देतंय किंवा कवटीच्या तळाशी काही आहे हे बघावं लागतं. जबड्यात मेटास्टेसिस असेल तर दात हलायला लागतो, डेंटिस्ट दात काढतो, आणि ती जागा भरायच्या ऐवजी तिथून मांस वाढायला लागतं. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडसारखं औषध चालू असेल तर त्यानेही जबड्याचं हाड खराब होऊ शकतं, म्हणून डेंटिस्टला कॅन्सर आणि चालू औषधं दोन्ही सांगायचं, न विसरता.

डोळ्याचंही असंच. एका डोळ्याने धुरकट, वाकडं दिसणं किंवा नजरेत एक भाग गायब. मोतीबिंदू म्हणून महिनोन्महिने थांबू नका, बाहुली मोठी करून आतला पडदा तपासायला सांगा.

हृदयात पण जातं?

हृदयाच्या आवरणात जातं, कधी शेजारून घुसून, कधी लिम्फमधून, आणि तिथे पाणी साठतं. पडून झोपलं की धाप, उठून बसलं की जरा बरं. पाणी पटकन वाढलं तर इमर्जन्सी असते, सुईने काढावं लागतं. मात्र छातीला रेडिएशन झालेल्या पेशंटमध्ये कॅन्सर नसतानाही आवरणात पाणी होतं, रेडिएशननंतर कित्येक महिन्यांनी सुद्धा. काढलेलं पाणी तपासायला पाठवलंच पाहिजे ते याचसाठी.

पोटात टाकलेल्या फीडिंग ट्यूबच्या जागी मांस वाढतंय.

बहुतेक वेळा ते साधं असतं, ट्यूब घासून घासून लाल ओलसर मांस येतं. पण एक दुर्मिळ शक्यता आहे: दुर्बिणीतून तोंडावाटे ओढून ट्यूब बसवतात तेव्हा ती गाठीला घासून जाते आणि पेशी तिच्याबरोबर पोटाच्या भिंतीत येऊन बसू शकतात. घसा आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये असं झाल्याची नोंद आहे. म्हणून काही ठिकाणी बाहेरून थेट बसवायची पद्धत वापरतात, किंवा छोट्या आतड्यात ट्यूब टाकतात. ते मांस घट्ट असेल, वाढत असेल, सहज रक्त येत असेल तर तुकडा तपासा. ट्यूब टाकायला घाबरू नका मात्र, पोटात अन्न गेलं नाही तर केमो झेपतच नाही.

हाडात काही नाही म्हणतात, मग कॅल्शियम वाढलं कसं?

स्क्वॅमसच्या गाठी कधीकधी एक प्रोटीन सोडतात जे पॅराथायरॉइड हॉर्मोनसारखं वागतं आणि हाडातून कॅल्शियम खेचून रक्तात आणतं. गाठ हाडात असायची गरजच नाही. पेशंट खूप झोपाळू, तहान, लघवी जास्त, बद्धकोष्ठ, बरळणं. घरच्यांना वाटतं आता शेवट आला, आणि खरं तर सलाईन आणि एका इंजेक्शनने पुष्कळदा दोनतीन दिवसात माणूस शुद्धीवर येऊन बोलायला लागतो. साधी रक्त तपासणी आहे, मागून घ्या.

आवाज बसलाय, पाणी पिताना ठसका लागतो. हे पसरणंच ना?

हे लांब पसरणं नाही, शेजारी घुसणं. आवाज बसणं म्हणजे स्वरयंत्राची नस दाबली गेलीय, गाठीने किंवा शेजारच्या नोडने. दर घोटाला ठसका म्हणजे एकतर त्या नसेमुळे स्वरयंत्र नीट मिटत नाही, किंवा अन्ननलिका आणि श्वासनलिकेमध्ये भोक पडलंय, आणि हे दुसरं असेल तर तोंडाने काही न देता त्याच दिवशी दाखवायचं. बहुतेक वेळा आवरण असलेला स्टेंट टाकून भोक झाकतात.

पीईटीमध्ये चमकलं म्हणजे कॅन्सरच?

नाही नाही नाही. या पानावरून एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

पीईटी कॅन्सर दाखवत नाही, साखर कुठे जास्त खर्च होतेय ते दाखवतो. स्कॅनच्या आदल्या दिवशी जिने चढून, सामान उचलून दमलेला स्नायू चमकतो. थंडीने कुडकुडलात तर मानेतली चरबी चमकते. जुना टीबी, सार्कॉइड (नोड्स सुजवणारा, कॅन्सर नसलेला आजार), न्यूमोनिया, नुकतीच घेतलेली लस, सगळं चमकतं. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर हाडातला अख्खा मगज उजळतो आणि रिपोर्ट वाचणाऱ्याचा आणि तुमचा दोघांचा श्वास अडकतो. आणि एक खास अन्ननलिकेचा सापळा: खालच्या गाठीला रेडिएशन दिलं की लिव्हरचा डावा भाग त्या किरणांच्या वाटेत येतो, त्याला सूज येते, आणि पुढच्या पीईटीत तिथे नवीन डाग दिसतो, अगदी मेटास्टेसिस सारखा. ऑपरेशनच्या तयारीत असलेल्या पेशंटला अशा डागावरून "आता स्टेज फोर" म्हणून थांबवणं म्हणजे केवढा अन्याय. एमआरआय करून, लागली तर बायोप्सी करूनच ठरवायचं.

उलट बाजू पण आहे. पोटाच्या आवरणावरचे तांदळाएवढे दाणे पीईटीत दिसत नाहीत. म्हणून जठराच्या तोंडाजवळच्या अ‍ॅडिनोमध्ये मोठ्या ऑपरेशनच्या आधी लॅप्रोस्कोपी करून आत नजर टाकतात. पीईटी झालाय मग हे अजून कशाला असा प्रश्न पडतो लोकांना, ते यासाठी.

तो डाग दुसराच वेगळा कॅन्सर असेल तर?

फार चांगला प्रश्न, आणि विचारणारे फार कमी. तंबाखू आणि दारू फक्त अन्ननलिकेलाच लागत नाही, तोंड, घसा, स्वरयंत्र, फुफ्फुस सगळं तेवढीच वर्षं त्या माऱ्याखाली असतं. १९५३ मध्ये स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरवरून ही कल्पना मांडली, की अख्खा पट्टाच बिघडलेला असतो आणि त्यात दोन स्वतंत्र गाठी उगवू शकतात. म्हणून स्क्वॅमसच्या पेशंटमध्ये घशातली जखम किंवा फुफ्फुसातली एकटी गाठ ही पसरलेली नसून नवीन, सुरुवातीच्या स्टेजची असू शकते, आणि मग दोन्ही बरे करण्याच्या इराद्याने ट्रीटमेंट होऊ शकते.

ओळखायचं कसं? इथे पॅथॉलॉजिस्टची पण पंचाईत होते. पी४० सारख्या, तुकड्याला रंग देऊन करायच्या तपासण्या स्क्वॅमस आहे एवढं सांगतात, अन्ननलिकेतला की फुफ्फुसातला ते सांगत नाहीत. मग गाठी किती, कडा कशा, कुठल्या भागात, किती वेगाने वाढली, दोन्ही सॅम्पल शेजारी ठेवून कशी दिसतात, हे सगळं ट्यूमर बोर्डमध्ये (वेगवेगळ्या डॉक्टरांची एकत्र बैठक) बसून ठरतं. जुन्या बायोप्सीची काच आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) सांभाळून ठेवा, नुसता कागद पुरत नाही.

बायोप्सी केली की कॅन्सर भडकतो ना?

नाही. सुईच्या वाटेवर पेशी रुजणं अत्यंत क्वचित होतं, आणि त्या भीतीने बायोप्सी टाळून चुकीची ट्रीटमेंट घेण्याचा धोका त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. जिथे खरंच टाळतात तिथे कारण वेगळं असतं: आधीच चार ठिकाणी सिद्ध झालंय आणि पाचव्याने निर्णय बदलणार नाही, किंवा जागा अशी की रक्तस्रावाचा धोका आहे.

विचित्र जागा म्हणजे स्टेज अजून वाईट?

स्टेजिंगला जागेचं नवल नसतं. एजेसीसी या कॅन्सरची स्टेज ठरवण्याचे नियम करणाऱ्या अमेरिकन समितीच्या आठव्या आवृत्तीत लांबच्या कुठल्याही अवयवात गेलं की स्टेज फोर बी, मग तो लिव्हर असो की करंगळी. फोर ए म्हणजे लांब गेलेलं नाही, पण महाधमनी, मणका किंवा श्वासनलिकेत घुसलंय, किंवा सात किंवा जास्त नोड्स आहेत. फोर ए मध्ये रेडिएशन आणि केमो एकत्र देऊन बरं करण्याचा प्रयत्न पुष्कळदा होतो, म्हणून नुसतं "चौथी स्टेज" ऐकून येऊ नका, ए की बी विचारा.

केस रिपोर्ट वाचले, सगळे पेशंट तीनचार महिन्यात गेले. आमचं पण तसंच?

केस रिपोर्ट हा एका पेशंटचा किस्सा असतो, आणि छापला जातो तोच जो नाट्यमय आहे. ज्याच्या दंडातली गाठ केमोने विरघळली आणि जो नंतर दीड वर्षं ठीक राहिला त्याच्यावर कोणी लेख लिहायला बसत नाही. वीस किस्से वाचून सरासरी काढू नका. दुर्मिळ जागी पसरलेलं बऱ्याचदा एकटं नसतं, बाकी पण कुठेतरी असतं, आणि किती दिवस हे त्या सगळ्या ओझ्यावर, पेशंट किती चालता-फिरता आहे, वजन किती उतरलंय, आणि औषधाला गाठ कशी दाद देते यावर ठरतं, मांडी की डोकं यावर कमी.

आकडे कडू आहेत, लपवण्यात अर्थ नाही. लांब पसरलेल्या अवस्थेत निदान झालेल्यांपैकी पाच वर्षं जगणारे साधारण ५ टक्के. केमोला इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) जोडल्यावर थोडी सुधारणा झाली: २०२१ मध्ये आलेल्या कीनोट ५९० या ट्रायलमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध जोडलेल्या गटाचा जगण्याचा मधला आकडा १२.४ महिने, नुसत्या केमोचा ९.८. मधला आकडा म्हणजे निम्मे त्याच्या पुढे गेले, आणि त्यातले काही खूप पुढे गेले, हे डॉक्टर घाईत सांगायचं विसरतात.

मग ट्रीटमेंट काही वेगळी असते का?

मूळ औषध तेच, कारण आजार तोच. प्लॅटिनम आणि फाइव्ह-एफयू गटातली केमो, आणि गाठीतलं पीडी-एल१ हे प्रोटीन बघून इम्युनोथेरपी. अ‍ॅडिनो असेल तर हर टू तपासायलाच हवं, पॉझिटिव्ह असेल तर ट्रॅस्टुझुमॅब हे हर टूवरचं औषध, हा फायदा २०१० च्या टोगा ट्रायलपासून माहीत आहे. आता क्लॉडिन १८.२ आणि एमएसआय या गाठीवरच्या तपासण्या पण करतात. नवीन जागेची बायोप्सी झालीच असेल तर त्याच तुकड्यावर हे मार्कर परत करता येतात का विचारा, मूळ गाठीत आणि पसरलेल्या गाठीत हर टू कधीकधी वेगळं निघतं.

एकच तर गाठ आहे. कापून टाकली तर?

एक दिसतेय आणि एकच आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. युरोपातल्या तज्ज्ञांच्या सहमतीनुसार एका अवयवात तीनपर्यंत गाठी किंवा लांबच्या एकाच ठिकाणचे नोड्स असतील तर त्याला ऑलिगोमेटास्टॅटिक म्हणायचं, आणि आधी काही महिने औषध देऊन बघायचं. त्या काळात नवीन काही उगवलं नाही तर मग ऑपरेशन किंवा नेमकं रेडिएशन. चीनमधल्या ईएसओ-शांघाय १३ या ट्रायलमध्ये चारपर्यंत गाठी असलेल्या स्क्वॅमसच्या पेशंटना औषधाबरोबर प्रत्येक गाठीवर लोकल ट्रीटमेंट दिली, तर आजार पुढे सरकायला मधला काळ १५.३ महिने लागला, नुसत्या औषधावर ६.४. ट्रायल छोटी, शंभरएक पेशंटची, पण प्रश्न विचारायला एवढा आधार बास आहे. घाईने आधी कापायचं आणि महिन्याभरात तीन नवीन गाठी बघायच्या, हे मात्र नको.

ऑपरेशन होऊन वर्ष झालं, सगळं छान आहे. कधीपर्यंत घाबरायचं?

परत येणारे बहुतेक पहिल्या दोन वर्षात येतात. तोपर्यंत कुठलंही नवीन दुखणं जे तीन आठवडे टिकलं, कुठलीही नवीन गाठ, कारण नसताना उतरलेलं वजन, सांगायचं. आणि सांगताना "माझा जुना अन्ननलिकेचा कॅन्सर" हे शब्द वापरायचे, कारण हाडाच्या, कातडीच्या, डोळ्याच्या डॉक्टरला ते माहीत नसतं आणि तोच धागा तुटतो.

कशासाठी रात्री पण निघायचं?

पाठदुखीबरोबर पाय जड होणं किंवा लघवी-संडासचा ताबा जाणं, कारण मणक्यातल्या नसेवर दाब आला असेल तर तास मोजावे लागतात, पाय एकदा गेले की परत येणं अवघड. रक्ताची उलटी. फिट किंवा बरळणं. पडून झोपताच न येणारी धाप. दर घोटाला ठसका आणि ताप.

दुखणाऱ्या गाठीसाठी केमोचा परिणाम होईपर्यंत थांबायचं का?

गरज नाही. हाडातल्या दुखण्यासाठी ८ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) चा एकच रेडिएशनचा डोस पुष्कळदा पुरतो, एका फेरीत काम होतं, रोज खेपा नाहीत, आणि स्नायूतल्या-त्वचेतल्या गाठीला पण थोडक्या फेऱ्यांचं रेडिएशन देतात. पहिले दोनतीन दिवस दुखणं उलट वाढू शकतं, आधी सांगितलं नसेल तर लोक घाबरतात, त्यासाठी जास्तीचं पेनकिलर घरात हवं. आराम एक ते चार आठवड्यात येतो, तोपर्यंत मॉर्फिन लागलं तर घ्या, आणि त्याच्याबरोबर पहिल्या दिवसापासून बद्धकोष्ठाचं औषध पण लिहून घ्या. गिळता येत नसेल तर मॉर्फिनचं सिरप असतं, काही पेनकिलरचे पॅच मिळतात, गोळी अडकते म्हणून डोस चुकवू नका.